वजनाचा रकाना

मनामाच्या जुन्या बाजारात, अत्तरवाल्याच्या माथ्यावर
सतरा पायऱ्या चढलं की आमचं ऑफिस.
पाटी दोनदा रंगवलेली.
उन्हाळ्यात वरचा रंग पोपडे धरतो
आणि 'सेवा मंडळ'च्या खालून
'मोतीवाले महाजन' डोकं वर काढतं.
मी खरवडत नाही, झाकतही नाही.

मी इथला हिशेबनीस, मूळचा वेंगुर्ल्याचा.
माझ्याआधी हरकिसन मुनीम, त्यांच्याआधी त्यांचे मामा,
आणि पहिल्या चोपडीत ज्याचं अक्षर आहे
त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही.
अक्षर मात्र मोत्यासारखं.
इथे बसून असं म्हणायची जरा लाज वाटते.

त्या चोपडीत महाजनाचे कायदे:
गलबतं परतली की एकट्याने किनाऱ्यावर जायचं नाही.
भाव फोडला तर दंड पाच रुपये
(तेव्हा इथेही रुपयाच चाले)
आणि कबुतरांना एक पोतं ज्वारी.
सौदा रुमालाखाली, बोटांनी.
आख्खं बोट धरलं तर शंभर, पेर दाबलं तर पन्नास,
तोंडाने एक शब्द नाही.
लाल फडक्यावर माल, शेजारी पितळी चाळण्या,
आणि दर सौद्यामागे एक आणा
महाजनाच्या पेटीत.

त्या पेटीतून पाणबुड्यांना काय मिळालं
ते मी एका रमजानात, काम कमी असताना, शोधत बसलो.
चाळीस वर्षांत एकच नोंद:
'मुबारक. कान फुटला. तेल. चार आणे.'
पान उलटून पाहिलं.
मागे काही नव्हतं.

मग जपानातून मोती येऊ लागला, वाफ्यात लावल्यासारखा.
त्या साली चोपडीचे रकाने आखलेले आहेत,
शाईसुद्धा चांगली आहे,
आत काही नाही.
शेठ लोक कोणी कराचीला गेले, कोणी मुंबईला,
एक तर म्हणे झांजिबारला, लवंगांत.
उरले तिघे, आणि पेटीत अठराशे रुपये.
बैठक झाली. ठराव दीड ओळीचा:
'माल नाही. पेटी आहे.
अडल्यानडल्याला द्यावी.'
खाली मूळराज शेठची सही, खाली तुळसीदास शेठची.
तिसऱ्याने सही केली नाही,
पण जाताना किल्ली ठेवून गेला.

इतकाच आमचा इतिहास.
वर्धापनदिनी तो वाढवून सांगतात, त्यात दिवे बरेच लावतात.

आता मी तिकिटं काढतो. मुदत संपलेल्या व्हिसाचे दंड भरतो.
पळून आलेल्या बाईला रात्रीपुरती खोली बघतो.
आणि पेट्या पाठवतो.
विमानकंपनी पेटी किलोवर घेते,
म्हणून जुनेच रकाने चालून जातात:
माल, वजन, दर, पोचवायचं ठिकाण.
नवीन वही छापून घ्या, असं कमिटी दरवर्षी म्हणते.

मागच्या मंगळवारी दगडू व्हावळ.
सेंटरिंगचा कारागीर, मुक्काम पोस्ट किनवटकडचं कुठलंसं खेडं.
चेहऱ्यावरून ओळखता येणार नव्हतं.
भावकीतला एकजण फोनवर म्हणाला,
उजव्या करंगळीला वरचं पेर नाही, लहानपणी अडकित्त्यात गेलं.
शवागारात माणसाने चादर वर करू का, असं विचारलं.
मी नको म्हटलं.
चादरीखाली हात घातला,
अंगठ्याकडून मोजत गेलो.
चौथं बोट, मग पाचवं,
आणि पेर दाबायला गेलो तिथे पेर नव्हतं.
तोंडाने एक शब्द नाही.
सौदा पटल्यासारखी मान हलवली.

बायकोने एवढंच विचारलं:
पगार किती महिन्यांचा राहिला होता?
पाच, म्हटलं.
ती म्हणाली, त्याने दोन सांगितले होते.

वजन एकशे नऊ, पेटीसकट.
हैदराबादपर्यंत विमान, पुढे गाडी.

पहिल्या तारखेला गच्चीवर जाऊन
कबुतरांना पोतं सोडतो.
तो कायदा कुणी रद्द केलेला नाही.
भाव कोणी फोडला, ते विचारायचा
रकाना वहीत नाही.